डेकच्या पोटातला सुकाण्या: शिडाच्या बोटीत ऑटोपायलट कसा बसवतात

(हा आमच्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ऐकताना आकडे निसटतात म्हणून बरेच जण ट्रान्सक्रिप्ट मागतात. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

[००:००] सुरुवात

जालन्यातून बोलतोय. आजचा विषय बघून काही जणांनी आधीच मेसेज टाकलेत: "भाऊ, आपल्याकडं प्यायला पाणी टँकरनं येतं आणि तुम्ही शिडाच्या बोटीवर एपिसोड करताय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, या विषयात जे जे लागतं ते जवळपास सगळं आपल्या जिल्ह्यात रोज वापरलं जातं. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक जॅक, बोअरच्या मोटारीची लांबलचक वायर, सळईचा ढीग आणि तुमच्या खिशातला फोन. या चार गोष्टी कळल्या की बोट स्वतःहून सरळ कशी चालते हे कळतं.

आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी समुद्राचा विचार करू नये असं थोडंच आहे? भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी लावून धरली, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायचे. तिथूनही समुद्र दिसत नाही.

[०१:४०] चोवीस तास चाक कोण धरणार?

आवटींच्या त्या कल्पनेतून 'म्हादेई' बोट झाली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ती बांधली. लांबी ५६ फूट, डिझाइन नेदरलँड्सच्या व्हॅन डी श्टाट या कंपनीचं. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलाकडे आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परत आले. एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. पुढं २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठंही न थांबता फिरून आले.

त्याच यार्डातली, त्याच डिझाइनची धाकटी बहीण म्हणजे 'तारिणी'. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरल्या. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात तर फक्त दोघीच गेल्या: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए.

आता हिशोब करा. दोन माणसं, आठ महिने. बोट रात्री रस्त्याच्या कडेला लावता येत नाही. भर समुद्रात नांगर तळाला पोचत नाही. म्हणजे दिवसाचे चोवीस तास कुणीतरी सुकाणू सांभाळलंच पाहिजे. माणूस दोन-तीन तास नीट सांभाळतो, मग डोळे जड होतात, हात गारठतात आणि बोट साप चालल्यासारखी चालायला लागते. शिवाय शीड कमी-जास्त करायचं, स्वयंपाक करायचा, इंजिन बघायचं, नकाशा बघायचा आणि झोपायचं. एकटा असेल तर विचारायलाच नको.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या बोटीत न झोपणारा, न कंटाळणारा एक जास्तीचा सुकाण्या लागतो. तोच ऑटोपायलट.

[०४:१०] वरचा आणि खालचा

ऑटोपायलट ढोबळपणे दोन प्रकारचे. पहिला डेकवरचा. छोट्या बोटीत सुकाणूच्या दांड्याला एक काठीसारखं यंत्र अडकवतात, ते दांडा ढकलतं आणि ओढतं. चाक असेल तर चाकालाच मोटार आणि पट्टा लावतात. स्वस्त, बसवायला सोपं. पण ऊन, पाऊस, खारं पाणी सगळं अंगावर. आणि ताकद मर्यादित.

दुसरा डेकखालचा. यात मोटार किंवा हायड्रॉलिक जॅक बोटीच्या मागच्या पोटात, सुकाणूच्या उभ्या दांड्याजवळ बसतो आणि थेट त्या दांड्यालाच फिरवतो. वरून काही दिसत नाही. चाकाजवळ फक्त बटणांची एक छोटी पाटी.

थेट दांड्याला जोडण्याचा एक फायदा फार मोलाचा आहे. चाकापासून सुकाणूपर्यंत साखळी, पुली, तारेचे दोर असा मोठा मार्ग असतो. त्यातला दोर मध्येच तुटला तर चाक नुसतं गरागरा फिरतं, बोट ऐकत नाही. पण डेकखालच्या जॅकला त्या दोराची गरजच नाही. दोर तुटला तरी तो बोट चालवत राहतो. म्हणजे हे आरामाचं यंत्र तर आहेच, पण नीट बसवलं तर सुकाणूची दुसरी, स्वतंत्र यंत्रणाही आहे.

हे महत्त्वाचं का? एप्रिल २०१८ मध्ये, पहिल्या महिला परिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात, 'तारिणी'च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जावं लागलं. दुरुस्ती झाली, पुढं निघाल्या, २१ मे २०१८ ला गोव्यात पोचल्या. सांगायचं इतकंच की जग फिरून आलेल्या, उत्तम बांधलेल्या बोटीतही जिथं सगळ्यात जास्त झीज होते ती जागा सुकाणूची असते.

[०६:२०] त्याला दिशा कळते कशी?

यंत्राचे भाग पाच समजा: दिशा सांगणारा होकायंत्र-सेन्सर, निर्णय घेणारा छोटा संगणक, ताकद लावणारा जॅक, सुकाणू आत्ता किती अंशावर आहे ते सांगणारा सेन्सर आणि बटणांची पाटी.

पहिला भाग तुमच्या खिशात आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये चुंबकीय होकायंत्र असतं, आणि फोन कुठं कलला, किती वेगानं वळला ते सांगणारे सेन्सर असतात. आजच्या बोटीच्या सेन्सरमध्येही हीच मंडळी, फक्त जास्त दणकट आणि अचूक.

आता निर्णयाचा भाग. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की नावाच्या अभियंत्यानं एक लेख प्रसिद्ध केला. रशियात जन्मलेला, अमेरिकेत गेलेला माणूस. त्यानं अनुभवी सुकाणी जहाज कसं हाकतात ते बारकाईनं बघितलं आणि ते गणितात मांडलं. अमेरिकेच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याचे प्रयोगही झाले. आज कारखान्यात, ड्रोनमध्ये, एसीमध्ये जो 'पीआयडी' कंट्रोल असतो, त्याची पाळंमुळं त्या सुकाण्याच्या हातात आहेत.

सोप्या भाषेत तीन गोष्टी:

एक, किती चुकलो? ठरवलेल्या दिशेपासून बोट जितकी हटली तितकं सुकाणू वळवायचं. थोडी हटली, थोडं. जास्त हटली, जास्त.

दोन, किती वेगानं वळतोय? मोटरसायकल वळणावर घातली की वळण पूर्ण व्हायच्या आधीच आपण हँडल सरळ करायला लागतो. तसं केलं नाही तर पलीकडच्या बाजूला जाऊ. बोट जड असते, वळायला लागली की लवकर थांबत नाही, म्हणून आधीच उलटं सुकाणू द्यावं लागतं.

तीन, सतत एकाच बाजूला ओढतंय का? सायकलच्या एकाच बाजूला दुधाचा कॅन अडकवला की हँडल कायम जरासं उलट धरावं लागतं. शिडाची बोट वाऱ्यात एका अंगाला कलते आणि बहुतेक वेळा वाऱ्याकडं तोंड वळवू बघते. मग सुकाणू कायम दोन-चार अंश उलट ठेवावं लागतं. तिसरी गोष्ट हे ओळखते.

या तिन्हींचा मेळ बसला की बोट रेघ ओढल्यासारखी जाते. एक जरी चुकली तर झिगझॅग.

[०९:००] बसवण्याआधी: वजन आणि सुकाणूची तपासणी

जॅक किती ताकदीचा घ्यायचा? बोटीच्या लांबीवरून ठरवायचा मोह होतो, पण बघायचं असतं वजन. तेही कॅटलॉगमधलं रिकाम्या बोटीचं धरून चालत नाही. पाणी, डिझेल, शिधा, अवजारं, जास्तीची शिडं भरल्यावरचं वजन धरायचं. ट्रॉली रिकामी उचलणारा जॅक उसानं भरलेली ट्रॉली उचलेलच असं नाही, तसंच. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठा घ्या. छोटा जॅक कायम पूर्ण जोरात राबतो, तापतो आणि भर वादळात दम सोडतो.

दुसरं काम सुकाणू हातानं हलवून बघायचं. ते दोन्ही बाजूंना लोण्यासारखं फिरलं पाहिजे. बेअरिंग जाम असेल, दांडा खडखडत असेल तर आधी ते दुरुस्त करा. मशीन जाम सुकाणूला ओढेल खरं, पण निम्मी बॅटरी त्या घर्षणातच जाईल.

[१०:२०] जॅक बसवणं: इथं खरा कस

आता मुख्य काम. सुकाणूच्या उभ्या दांड्यावर एक वेगळा, आडवा पोलादी किंवा ब्राँझचा हात घट्ट बसवतात. चाकाचे दोर ज्या गोल पट्टीवर येतात तिलाच जॅक जोडायचा मोह टाळायचा. पट्टी दोराच्या ओढीसाठी बनवलेली असते, जॅकच्या धक्क्यांसाठी नसते. आणि मघाशी म्हटलं ना, दुसरी स्वतंत्र यंत्रणा? ती वेगळ्या हातामुळेच स्वतंत्र राहते.

जॅकचं एक टोक या हाताला, दुसरं बोटीच्या सांगाड्याला. नियम असा: सुकाणू बरोबर मध्ये असताना जॅक आणि हात यांच्यात काटकोन, म्हणजे ९० अंश हवेत. हातपंपाचा दांडा तिरका ओढून बघा, निम्मी ताकद वाया जाते. तसंच. आणि दोघं एकाच पातळीत हवेत. जॅक वर-खाली तिरका राहिला तर तो सुकाणू फिरवता फिरवता दांड्याला वर उचलू बघतो.

थोडं गणित करू. हात २५० मिलिमीटर लांब आहे आणि सुकाणू दोन्ही बाजूंना ३५ अंश फिरतं. तर जॅकला एकूण सुमारे २८७ मिलिमीटर सरकावं लागेल. जॅकची चाल ३०० मिलिमीटर असेल तर दोन्ही टोकांना जेमतेम साडेसहा मिलिमीटर उरतात. म्हणून सुकाणूचे स्वतःचे अडथळे, ज्यांना 'स्टॉप' म्हणतात, ते दणकट हवेत आणि जॅकची चाल संपायच्या आधी लागले पाहिजेत. स्टॉप नसतील तर मोठी लाट सुकाणू एका बाजूला फेकते आणि सगळा दणका जॅकच्या आतल्या सीलवर बसतो.

आता ताकद. सुकाणूवर १००० न्यूटन-मीटरचा पीळ आला असं धरा. हात पाव मीटरचा, म्हणजे जॅकच्या टोकाला ४००० न्यूटन. आपल्या भाषेत सुमारे ४०० किलोचा जोर. क्षणात ओढतो, क्षणात ढकलतो. दर पाच सेकंदांना एक दुरुस्ती धरली तरी दिवसाला १७ हजारांहून जास्त वेळा.

म्हणून जॅकचं मागचं टोक कुठं बसवता ते फार बघायचं. फायबरच्या पातळ भिंतीला चार स्क्रू मारले तर काही दिवसांत भोकं मोठी होतील, मग भिंत लवायला लागेल, मग तडा. योग्य पद्धत अशी: आडव्या मजबूत भिंतीला किंवा तळाच्या कण्याला जाड मरीन प्लायचा ठोकळा लावायचा, तो इपॉक्सी आणि काचेच्या कापडानं आजूबाजूच्या भागाला चिकटवून एकजीव करायचा आणि आरपार बोल्ट टाकून मागून जाड प्लेट द्यायची. नट सैल न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले. बसवल्यावर मदतनीसाला चाक जोरात दोन्ही बाजूंना फिरवायला सांगायचं आणि ठोकळ्यावर हात ठेवून बघायचं. हाताला हालचाल जाणवली तर काम अर्धवट आहे. आपल्या फिटर मंडळींना हे सांगायला नको. थ्रेशरचा पाया कच्चा राहिला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक, जे गडबडीत राहतं. सगळं बिघडलं तर सुकाणूच्या दांड्यावर वरून लावायचा आपत्कालीन दांडा बोटीत असतो. नवा हात आणि जॅक बसल्यावर तो अजून बसतो का, फिरतो का, हे बंदरातच करून बघायचं. आणि ऑटोपायलट बंद केल्यावर जॅक मोकळा सुटला पाहिजे. तो धरूनच राहिला तर हातानं सुकाणू फिरणार नाही.

[१४:१०] वायर: शेतातल्या मोटारीचा धडा

विहीर लांब असली, वायर बारीक असली की मोटार घुमते पण पाणी फेकत नाही. बोटीत तर व्होल्टेजच १२. तिथं थोडी घटसुद्धा महाग पडते.

उदाहरण घ्या. बॅटरीपासून जॅक ६ मीटरवर आहे. वीज जायची आणि यायची, म्हणजे तांब्याची १२ मीटर वायर. मोटार १० अँपिअर ओढते. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेत जवळपास ०.८४ व्होल्ट जातात, म्हणजे ७ टक्के. तीच ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३५ व्होल्ट, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत. आणि लाट मोठी असली की मोटार जास्त अँपिअर ओढते, तेव्हा घट वाढते. म्हणजे बारीक वायर नेमकी गरजेच्या क्षणी दगा देते. व्होल्टेज फार पडलं की संगणक रीस्टार्ट होतो आणि बोट सुटते.

ऑटोपायलटला स्वतंत्र वायर, स्वतंत्र ब्रेकर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ. वायर कथिलाचा मुलामा असलेली, कारण मागच्या पोटात खारा ओलावा कायम असतो आणि उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

बॅटरीचा हिशोबही करा. सरासरी ४ अँपिअर धरले तर २४ तासांत ९६ अँपिअर-तास. ट्रॅक्टरची एक मोठी बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी एवढं देईलच असं नाही, आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून सोलर पॅनल, वाऱ्याची छोटी टर्बाइन किंवा इंजिनचा अल्टरनेटर यांची सोय आधी, ऑटोपायलट नंतर.

[१६:३०] होकायंत्र आणि सळईचा ढीग

एक प्रयोग करा. फोनमधलं कंपास अ‍ॅप उघडा. मोकळ्या मैदानात उत्तर बघा. मग सळईच्या दुकानात जाऊन ढिगाजवळ फोन धरा. जालन्यात असं दुकान शोधायला लांब जावं लागणार नाही. उत्तर दिशा भलतीकडंच गेलेली दिसेल.

बोटीतही तेच. इंजिन, स्पीकरचं चुंबक, लोखंडी अवजारांची पेटी, जास्त प्रवाहाच्या वायरी हे सगळे होकायंत्राला फसवतात. म्हणून सेन्सर बोटीच्या मध्याजवळ, खालच्या बाजूला, जिथं हेलकावे कमी असतात अशा जागी आणि या सगळ्यांपासून किमान एक मीटर तरी लांब बसवतात. बसवून झाल्यावर कुणीतरी शेजारच्या कपाटात डब्यांचा साठा किंवा पाना-पक्कड ठेवतं आणि बोट दहा अंश वाकडी चालायला लागते. कपाटावर चिठ्ठी चिकटवा: इथं लोखंड नको.

[१७:५०] चाचणी: आधी धक्क्याला, मग समुद्रात

धक्क्याला बांधलेली असताना पहिली तपासणी. डावीकडे वळ म्हटलं तर सुकाणू डावीकडेच जातं ना? मोटारीच्या दोन वायरी उलट लागल्या तर यंत्र चूक सुधारायच्या ऐवजी वाढवत जाईल आणि बोट गोल गोल फिरेल. सुकाणूचा सेन्सर मध्याला शून्य दाखवतो का, तेही इथंच बघायचं.

मग शांत, मोकळ्या पाण्यात जायचं. बोट हळूहळू पूर्ण गोल फिरवायची, दोन-तीन वेळा. फोनचं कंपास बिघडलं की आपण हवेत इंग्रजी आठचा आकडा काढतो ना, तीच गोष्ट, फक्त बारा-पंधरा टन वजनासह. यातून सेन्सर बोटीतल्या लोखंडाचा परिणाम शिकतो आणि वजा करतो. त्यानंतर बहुतेक यंत्रं स्वतःच थोडा वेळ झिगझॅग चालवून बोट किती जड, किती चपळ ते शिकतात. आजूबाजूला जागा भरपूर ठेवायची.

शेवटची परीक्षा मात्र वाऱ्यात, शीड लावून. इंजिनवर सरळ चालणारी बोट शिडावर वाकडी चालू शकते.

[१९:२०] 'तोंड' आणि 'वाट' यांत फरक

श्रोत्यांचा नेहमीचा प्रश्न: ट्रॅक्टरलाही आता जीपीएसवर चालणारं ऑटो-स्टीअर मिळतं, मग यात वेगळं काय?

वेगळं हे की जमीन हलत नाही. शहागडला गोदावरी भरून वाहताना समोरच्या काठावरच्या झाडाकडं तोंड करून पोहायला लागा. तोंड झाडाकडंच राहील, पण बाहेर निघाल ते बरंच खाली. ऑटोपायलटचा साधा मोड फक्त तोंड धरतो. प्रवाह बोटीला आडवा नेत असेल तर त्याला पत्ता नसतो. जीपीएसला जोडलेला मोड वाट धरतो. आणि तिसरा असतो वाऱ्याचा मोड: वारा ज्या कोनातून येतोय तो कोन धरायचा. शिडं नीट भरलेली राहतात, पण रात्रीत वारा फिरला तर बोटही त्याच्याबरोबर फिरते आणि कुणी बघत नसेल तर किनाऱ्याकडंही जाऊ शकते.

[२०:४०] विजेशिवायचा चुलत भाऊ

वीज न लागणारं स्व-सुकाणूही असतं: विंडव्हेन. मागं एक पातं, वारा त्याला ढकलतो, आणि पाण्यातून मिळणाऱ्या जोरावर ते सुकाणू फिरवतं. 'गोल्डन ग्लोब' या शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला परवानगीच नाही, विंडव्हेनच चालते. अभिलाष टॉमी २०२२ च्या शर्यतीत दुसरे आले, एप्रिल २०२३ मध्ये पोचले. वाटेत त्यांच्या विंडव्हेननं फार छळलं. दुरुस्तीसाठी त्यांनी बोटीतल्या संडासाचं दार कापून वापरलं. हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. भर समुद्रात स्पेअर पार्टचं दुकान म्हणजे तुमची स्वतःचीच बोट.

आणि अजून मागं जा. १९६८-६९ ची मूळ गोल्डन ग्लोब जिंकणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली. ऑस्ट्रेलियाजवळ त्यांचं स्व-सुकाणू कायमचं मोडलं. पुढचा निम्म्याहून जास्त प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून आणि हातानं सुकाणू धरून केला. ३१२ दिवसांत पोचले.

यातला धडा आपल्या जॅकलाही लागू आहे. शिडं चुकीची लावली, जास्त लावली, तर बोट सतत एका बाजूला ओढते आणि यंत्र तिच्याशी कुस्ती खेळत बसतं. मोटार तापते, बॅटरी संपते. मोटारीचा आवाज वाढला तर आधी शीड कमी करून बघा, मग सेटिंगला हात लावा. तोल साधलेल्या बोटीत ऑटोपायलट जवळजवळ निवांत असतो.

[२२:५०] जे यंत्र करत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेडफोन लावून दुसरं काही करत असाल तर एवढं दोन मिनिटं नीट ऐका.

ऑटोपायलटला डोळे नाहीत. समोर मासेमारीचं जाळं आहे, बत्ती नसलेली होडी आहे, कंटेनर जहाज आहे, त्याला काही कळत नाही. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम स्पष्ट आहे: प्रत्येक जहाजानं सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवलाच पाहिजे. यंत्र लावलंय म्हणून यातून सूट नाही. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री जाळी टाकून बसलेल्या छोट्या होडीतल्या माणसांचा जीव त्या पहाऱ्यावर असतो.

आणि ऑटोपायलटला कानही नाहीत. रात्रीची वेळ आहे, जोडीदार खाली झोपलाय, तुम्ही शीड सोडवायला पुढं गेलात आणि पाय घसरून पाण्यात पडलात. हातानं सुकाणू धरलेलं असतं तर ते सुटताच बोट बहुतेक वेळा भरकटून वाऱ्याकडं वळली असती, शिडं फडफडली असती, कुणीतरी जागं झालं असतं. ऑटोपायलट मात्र तुमच्याशिवाय, एक अंशही न चुकता, पुढं जात राहतो. सहा नॉट म्हणजे ताशी ११ किलोमीटर. एका मिनिटात बोट १८५ मीटर लांब. लाटांमध्ये एवढ्या अंतरावरचं डोकं दिसत नाही. तुमची हाक तर पोचतच नाही.

यंत्र जितकं चांगलं, तितका हा धोका मोठा. म्हणून जॅक बसवणाऱ्यानं त्याच कामाचा भाग म्हणून डेकवर पुढून मागं मजबूत पट्टे बांधायचे आणि नियम करायचा: रात्री, किंवा डेकवर एकटं असताना, कमरेचा-छातीचा पट्टा त्याला अडकवल्याशिवाय बाहेर यायचं नाही. लांब प्रवास करणारे लोक हा नियम घरच्या दाराच्या कडीसारखा पाळतात.

[२५:१०] थोडक्यात, आणि निरोप

ज्यांना आकडे नकोत, फक्त क्रम हवाय, त्यांच्यासाठी:

१. भरलेल्या बोटीचं वजन धरून जॅक निवडा.
२. सुकाणू आधी मोकळं आणि घट्ट करा.
३. वेगळा हात, काटकोन, एकच पातळी, दणकट पाया.
४. सुकाणूचे स्टॉप जॅकच्या आधी लागले पाहिजेत.
५. जाड वायर, स्वतंत्र ब्रेकर, विजेची भरपाई.
६. होकायंत्र लोखंडापासून लांब.
७. धक्क्याला दिशा तपासा, समुद्रात गोल फिरवा, शेवटी शिडावर चालवा.
८. आपत्कालीन दांडा लावून बघा.
९. पहारा आणि पट्टा, कायम.

आता यात किती कामं अशी आहेत जी आपल्या आयटीआयमधून निघालेला फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर हात बसलेला मेकॅनिक करू शकणार नाही? मला तरी एकही दिसत नाही. दिवाडी बेटावर या बोटी बांधणारेसुद्धा पाना, ड्रिल आणि इपॉक्सी हातात घेऊन काम करणारी माणसंच होती. समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटर लांब असेल, पण काटकोन, व्होल्टेज आणि घट्ट बोल्ट सगळीकडं सारखेच.

पुढच्या वेळी बोलू ट्रॅक्टरच्या ऑटो-स्टीअरवर: ते सरळ रेघ कशी धरतं आणि आपल्या छोट्या, वाकड्यातिकड्या बांधांच्या शेतात ते परवडतं का. तुमच्या गावात कुणी वापरत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, एपिसोडमध्ये ऐकवू. आणि तो सळईच्या ढिगाचा प्रयोग केलात तर उत्तर किती अंश हललं ते कमेंटमध्ये नक्की लिहा.

भेटूया. काळजी घ्या, आणि गाडी चालवत ऐकत असाल तर लक्ष रस्त्यावर ठेवा. तुमच्या बाइकला ऑटोपायलट नाही.